पन्नासची पातळी

"रविवारी चॅपेलात शिळा उघडणार. अकरा माणसं माझ्या पणजोबाच्या हट्टामुळं मेली, असं तिच्यावर कोरलंय," बेरिल अँग्विन म्हणाली. वय एक्याऐंशी. रडण्याचं काम ती घरीच उरकून आली होती.

कॉर्नवॉलात खासगी गुप्तहेराच्या वाट्याला बहुतेक हरवलेली कुत्रीच येतात. लव्हडे ट्रेगेन्झानं बेरिलनं आणलेलं पत्र उत्सुकतेनं उचललं.

१८७१ साली व्हील मॉर्वा या कथिलाच्या खाणीत पाणी घुसलं. चूक कोणाची, हे कुठंच नोंदलेलं नव्हतं. आता खाणींचा इतिहास लिहिणाऱ्या डॉ. व्हॉस्परना तिथला कारभार पाहणाऱ्या कप्तान कार्लायनचं पत्र सापडलं होतं: 'पन्नासच्या पातळीवर मी अँग्विनला बजावलं, तू जमिनीखाली बरोबर पन्नास वाव आहेस, पुढं जुन्या खाणीचं पाणी आहे. त्यानं ऐकलं नाही.'

"कागद त्या काळचाच आहे. संपलं की मग!" हेडली म्हणाला. तो लव्हडेचा मदतनीस, निवृत्त हवालदार. प्रकरणं लवकर संपवायची त्याची सवय गेली नव्हती.

पत्र निघालं होतं कप्तानाचा पणतू जागो कार्लायन याच्या माळ्यावरच्या पेटीतून. जागोनं स्वतः तीस वर्षं खाणीत काढली होती.

"पेटीला हात कोणाचा लागतो?" लव्हडेनं त्याला विचारलं.

"माझा. आणि महिनाभर व्हॉस्परसाहेबांचा. जुने कोरे कागदसुद्धा हुंगत बसायचे."

"पन्नासची पातळी किती खोल?"

"पाणी निचरायच्या बोगद्याखाली पन्नास वाव. मोजायचं तिथूनच. मॉर्वात बोगदाच तीस वाव खाली. काय बाई, कॉर्नवॉलची ना तुम्ही?"

"पत्र वाचलंत?"

"दोनदा."

लंडनहून आलेल्या व्हॉस्परनाही तिनं विचारलं, पन्नासची पातळी किती खोल.

"जमिनीखाली पन्नास वाव, म्हणजे तीनशे फूट! नावातच आहे की. शेवटचं प्रकरण अडलं होतं हो, या पत्रानं सोडवलं."

शनिवारी लव्हडेनं सगळ्यांना चॅपेलात बसवलं.

"तीस आणि पन्नास, हेडली?"

"ऐंशी."

"मग जन्म खाणीत घालवलेला कप्तान 'जमिनीखाली पन्नास' कसं लिहील? पेटीला हात दोघांचे. जागोला मोजणी पाठ आहे. ही चूक खाण फक्त कागदावर पाहिलेल्याचीच. व्हॉस्परसाहेब, कोरा कागद पेटीतलाच ना?"

व्हॉस्पर चष्मा पुसत राहिले. "अकरा मेले आणि दोषी कोणीच नाही? असलं पुस्तक कोण वाचतं?"

बेरिल जागोकडं वळली. "दोनदा वाचलंस म्हणे. म्हणजे खोटं आहे हे तुला कळलं होतं."

"लिहिलं त्यांनी, बेरिलमावशी. मी नुसता गप्प बसलो."

"चाळीस वर्षं इथं माझ्या शेजारी बसतोयस, मेल्या!"

"माझा पणजोबा सुटत होता त्यात," जागो पुटपुटला.

शिळेवरची ओळ घासून काढली. पुस्तक मात्र वेळेवर निघालं. पत्र गाळलं होतं. त्या जागी एवढंच होतं: 'चूक अँग्विनची होती, असं स्थानिक जाणकार सांगतात.'

तळटीपेत जाणकाराचं नाव होतं. जागो कार्लायन.