काचेपलीकडचं उत्तर

बंडूजी माझ्या सासऱ्यांचे मित्र. नोकरीभर त्यांनी ॲम्ब्युलन्स चालवली. आता रात्री लाइट गेली, की पवनारला आमच्या गच्चीवर येऊन बसतात आणि काहीबाही सांगतात. त्या रात्री ऐकायला मी आणि माझी नणंद गुंजन. मांडीवर माझं बाळ, नुकतंच झोपलेलं. खरं तर मी उठून आत जायला हवं होतं. पण मी पडले एम.एस्सी. झालेली बाई. भुताच्या गोष्टीला घाबरून उठले, हे गुंजननं जन्मभर सांगितलं असतं. आमच्या पाळण्याला काळा दोरा आहे, तो सासूबाईंच्या समाधानासाठी. असं मी सगळ्यांना सांगते.

"ऐकीव नाई सांगत," बंडूजी म्हणाले. "गजेंद्र माह्या ओळखीचा पोरगा. कॉम्प्युटरची कामं करते. एका बाळंतपणाच्या दवाखान्यात गेलता, मागच्या साली. पोळ्याची अवस. रात्रीचे साडेअकरा झाले असतीन."

"अवसेले काऊन गेलता? मुहूर्त पाहून?" गुंजननं चिमटा काढलाच.

"काम आलं म्हणून गेलता. भूत पाहाले नाई."

काम साधंच होतं. दवाखान्यातले कॉम्प्युटर मुद्दाम इंटरनेटपासून तोडलेले, फक्त एकमेकांना वायरीनं जोडलेले. पण पेनड्राइव्हमधून व्हायरस येतोच. शेजारच्या तालुक्यातल्या एका दवाखान्याचे सगळे कॉम्प्युटर तसेच बंद पडले होते, म्हणून डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, सकाळच्या आत सुरक्षेचे सगळे अपडेट टाकून पाहिजेत. गजेंद्रनं ते घरून पेनड्राइव्हवर आणले. एका जागी बसून सगळ्या मशीनवर ओळीनं चढतील अशी बॅच फाइलही त्यानं स्वतः लिहिली होती.

सुरुवातीला अडलं. अर्धे अपडेट चढेनात. मग त्याच्या लक्षात आलं, आधीचा अपडेट रिस्टार्टसाठी थांबलेला असला की पुढचा बसत नाही. त्यानं क्रम बदलला. गाडी पुढं सरकली.

"आता त्याच्या फाइलीची गंमत ऐका," बंडूजी म्हणाले. "मागं एकदा सिस्टर लिहीत असताना मशीन रिस्टार्ट झाली. अशी भडकली ती! तवापासून त्यानं फाइलीत एक सवाल टाकला. रिस्टार्टच्या आधी प्रत्येक पडद्यावर येते, कोण आहे? फाइल चालते त्या काळ्या खिडकीत मराठी अक्षरं उमटत नाई, नुसते प्रश्नचिन्ह दिसते. म्हणून इंग्रजीत लिवलं, KON AHE. कोणी बसलं असन तर काहीतरी दाबन, ते गजेंद्रच्या पडद्यावर दिसन. उत्तर नाई आलं, तर मशीन रिकामी. रिस्टार्ट."

गजेंद्र सिस्टरच्या टेबलाशी बसला होता. शेजारी रात्रपाळीची मंजुषा सिस्टर. एकेका मशीनला प्रश्न गेला. उत्तर नाही. रिस्टार्ट. उत्तर नाही. रिस्टार्ट.

मग नवजात बाळांच्या खोलीतली मशीन आली.

KON AHE.

MI.

"सिस्टर, आत कोण बसून आहे?"

"कोणी नाई, गजूभाऊ. काजलताईचं बाळ आहे फक्त. दिवस भरायच्या आधी झालं ना, संध्याकाळीच काचेच्या पेटीत ठेवलं."

गजेंद्र उठला. काचेतून पाहिलं. खुर्ची रिकामी. दिव्याच्या उबेत मुठीएवढं बाळ, त्याच्या छातीवरच्या वायरी त्याच मशीनला गेलेल्या. बाहेर बाकावर काजल, डोळे उघडे.

तो परत आला. पुन्हा प्रश्न पाठवला.

MI.

"फाइलच बिघडली साली," तो म्हणाला. "सवालाची ओळच काढून टाकतो. सरळ रिस्टार्ट."

"बाळाची मशीन आहे ते!"

"दोन मिनटं पडदा काळा राहीन, सिस्टर. बाळ काय टाइप करून राह्यलं का? सकाळी मॅडम मलेच झाडतीन."

इथे बंडूजी थांबले. मी बाळाच्या छातीवर हात ठेवला. उगाच. गार हवा सुटली होती म्हणून.

"अन् तवा मंजुषाचा चेहरा उतरला," बंडूजी हळू म्हणाले. "ते घरची पिठोरी करून ड्युटीवर आलती. पिठोरीले माय खीरपुरीचं वाण डोक्यावरून मागं धरते. मागं पाहात नाई. इचारते, अतीत कोण, म्हंजे पाहुणा कोण? अन् मागून तिचं लेकरू म्हणते..."

गुंजन माझ्याजवळ सरकली.

"...मी."

मंजुषानं गजेंद्रचा हात धरला. "गजूभाऊ... काजलताईचं पहिलं... याच खोलीत गेलं... पोळ्यालेच..."



गजेंद्रचं बोट एंटरवर. वर उचलेना. खाली जाईना.

पंखा फिरत होता.



आणि काचेपलीकडून शिट्टी सुटली. मशीनची. एकसारखी.

मंजुषा धावली. बाळ निळं. श्वास बंद. तिनं तळवे चोळले. पाठ चोळली. पुन्हा तळवे.

काजल दारात. नुसती उभी.

मग... एक बारीकसा आवाज. मांजराच्या पिल्लासारखा.

बाळ रडलं.

"ते दोन मिनटं पडदा काळा असता," बंडूजी म्हणाले, "तर शिट्टी वाजली नसती."

बाळ झोपेतच हललं, तर मीच दचकले.

गुंजन म्हणाली, "मंग? अपडेट राह्यलाच?"

"बसला ना. पहाटे बाळाले दुसऱ्या मशीनवर घेतलं. गजेंद्रनं पुन्हा इचारलं, कोण आहे? कोणीच नाई बोललं. अपडेट गपगुमान बसला. मंग तो आत गेला, ते मशीन पुसाले. कीबोर्डवर प्लास्टिक होतं, कोरं स्वच्छ. एम अन् आय, दोनच बटणं ओली. चिकट. त्यानं बोटाचा वास घेतला... दूध."

"सांडलं असन बाळाचं," मी म्हणाले.

बंडूजींनी मान हलवली.

"त्याले दूध सुरूच नव्हतं बेटा. नुसती सलाईन."