लग्न होईपर्यंतचं घर

वकीलबाईंच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर तो ओल्या कोटासकट येऊन बसला आणि दोन मिनिटांत मला आपलं दुःख सांगू लागला. गॉलवे शहरातून चार तास बसनं आला होता. मावशीनं घर त्याच्या नावे केलं होतं, पण तिथे म्हणे कुणी एक बाई ठाण मांडून बसली होती.

"पन्नाशीची असणार," तो म्हणाला. "आणि खडूस."

"एकतीस," मी म्हटलं. "खडूस मात्र आहे."

त्याचे कान लाल झाले. मग तो हसला... आणि मलाही हसू आवरेना.

इथे बेलम्युलेट गावच्या पोस्टात नोकरी लागली तेव्हा मी त्याच्या मावशीच्या, अट्रॅक्टाबाईंच्या, माडीवरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. पुढे त्यांची नजर गेली. सहा वर्षं मी त्यांना पेपर वाचून दाखवला, औषधं दिली, अगदी शेवटपर्यंत. वकील गेरटीबाईंनी मृत्युपत्र वाचलं: घर भाचा फिन्टनचं, पण माडी आणि स्वयंपाकघर वापरायचा हक्क डर्व्हलाचा, म्हणजे माझा — माझं लग्न होईपर्यंत. अट्रॅक्टाबाईंना वाटलं असेल, लग्नानंतर हिला दुसरं घर असेलच.

घर विकता येईल का, असं फिन्टननं विचारलं. येईल, पण हिच्यासकट, असं गेरटीबाई म्हणाल्या. माझ्यासकट घर कोण घेणार?

मग छप्पर दुरुस्त करतो, तोवर विचार करतो, असं म्हणून तो दर शनिवारी येऊ लागला. सुतार होता. दर वेळी स्वयंपाकघराच्या दाराशी थांबून विचारायचा, "येऊ का, हक्कदारबाई?" मी म्हणायची, "पाय पुसून." शनिवारी पोस्टात माझं चित्त लागेना. चहा ओतताना त्याची नजर माझ्या हातांवर असायची, आणि मी मुद्दाम सावकाश ओतायची.

मे महिन्यात, समुद्राकडच्या वाटेवर, त्यानं मला लग्नाचं विचारलं.

मी नाही म्हटलं.

"आवडत नाही मी?"

"आवडतोस. म्हणून तर..." मी म्हटलं. "लग्न केलं की माझा हक्क संपतो, फिन्टन. मग मी तुझ्या मर्जीनं त्या घरात राहणार. माझ्या आईनं तीस वर्षं तसंच काढलं. एका दुपारी बाबांनी घर विकलं आणि ती एक बॅग घेऊन बाहेर पडली."

मी तसा नाही, असं तो म्हणाला नाही. नुसती मान हलवली आणि दुपारच्या बसनं निघून गेला. तीन शनिवार आला नाही. संपलं, असं मी धरून चालले. बटाटे सोलताना रडू यायचं, आणि त्या रडण्याचाच राग यायचा.

चौथ्या शुक्रवारी गेरटीबाईंनी मला बोलावून एक कागद पुढे सरकवला. आता मालक फिन्टन होता, आणि त्यानं लिहून दिलं होतं: सगळ्या घरात राहायचा हक्क डर्व्हलाला, ती असेपर्यंत. लग्न केलं तरी. कुणाशीही केलं तरी.

"मी त्याला दोनदा सांगितलं, असं करू नकोस," त्या म्हणाल्या. "म्हटलं, उद्या तिनं पोस्टमनशी लग्न केलं तर? तर म्हणाला, मग पोस्टमनला सांगा, छप्पर अजून एका कोपऱ्यात गळतंय."

मी सही केली.

घरी आले तर तो छपरावर, तोंडात खिळे धरून बसला होता. मला बघून त्यानं काम थांबवलं. मात्र खाली उतरला नाही.

"खाली ये," मी म्हटलं. "तुला लग्नाचं विचारायचंय."

त्यानं खिळे हातात घेतले. "कागद मिळाला म्हणून?"

"कागद मिळाला म्हणून विचारू शकते," मी म्हटलं. "विचारावंसं तर मार्चपासून वाटतंय."