शटर खाली असताना

ते मोबाइल आधी खिशात घाला. आणि दाराजवळ बसलेल्यानं दार ओढून घ्या... नको, राहू दे. ही गोष्ट ऐकताना दार उघडंच बरं.

आपला मिस्त्री आठवतो ना? टायरवाल्याशेजारी ज्याचं गॅरेज होतं तो. माझा जुना दोस्त. खोटं बोलायची त्याला कलाच अवगत नाही. गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचा, गाडीत काही बिघाड नाही, बिघाड तुमच्या चालवण्यात आहे. त्यामुळे निम्मी गिऱ्हाइकं तुटली, तरी याच्या जिभेला लगाम नाही. भुताखेतांवर तर काडीचा विश्वास नाही. कुणी भुताचा विषय काढला की म्हणायचा, कुठंतरी अर्थिंग ढिलं असेल, घट्ट करून घ्या. त्यानंच हे सगळं मला सांगितलं. सांगताना चहाचा कप हातात धरून बसला होता, प्यायला मात्र नाही.

त्याची एक धाकटी बहीण. नवरा लवकर गेलेला, एकुलता एक मुलगा. मिस्त्रीनं या भाच्याला अंगाखांद्यावर खेळवलं, मोठा झाल्यावर गाडी शिकवली आणि एका शेठकडे ड्रायव्हर म्हणून चिकटवून दिलं. पोरगा गुणी होता. मामाच्या हाताखाली वाढलेला, त्यामुळे गाडीला जिवापाड जपायचा. आणि त्या गाडीतच तो गेला. शेठच्या बंगल्याखाली गाडी ठेवायची एक खोली आहे, तिला एकच शटर. सकाळी शटर उघडलं तर गाडी चालू, एसी चालू, काचा वर, आणि पोरगा शटरपाशी पालथा पडलेला. धुरानं गुदमरला. शेठनं सगळ्यांना सांगितलं, रात्री उशीर झाला म्हणून गाडीतच झोपला, डास नकोत म्हणून स्वतःच शटर ओढून घेतलं, मी तरी काय करणार? लोकांनी मान डोलावली. तरुण पोरं बेफिकीर असतात, हे सगळ्यांना पटतंच.

पटलं नाही ते एकट्या मिस्त्रीला. कारण बंद जागेत इंजिन चालू ठेवू नये, हे त्यानं पोराला स्टिअरिंगला हात लावू देण्याआधी शिकवलं होतं. एकदा गॅरेजचं दार लोटून गाडी चालू केली म्हणून कानाखाली सुद्धा वाजवली होती. मग हा असा कसा झोपला? पण पुरावा काय? आणि बहीण तर एवढंच म्हणाली, "दादा, सगळं शिकवलंस त्याला, हे एक शिकवायचं राहिलं का रे?" त्यानंतर तिनं भावाशी बोलणं टाकलं. हा दर रविवारी जायचा, ती चहा पुढ्यात ठेवायची आणि आत निघून जायची. माणूस आतून कुरतडला जाऊ लागला. आपण शिकवलेलं पोरगा विसरला की आणखी काही घडलं, एवढंच त्याला कळायला हवं होतं. बाकी कशात त्याचं लक्ष राहिलं नव्हतं.

असे सातआठ महिने गेले. मग एका मंगळवारी रात्री अकराच्या सुमाराला त्याला फोन आला. शेठचा. गाडी सुरू होत नाही, लगेच ये. गाडी विकली होती, पहाटेपर्यंत ती दुसऱ्या गावी पोचवायची होती. दुपारपासून दोन मेकॅनिक हात टेकून गेले होते. मिस्त्री जागेवरच उठून बसला. त्या गाडीला पोरगा गेल्यापासून कुणी त्याला हात लावू दिला नव्हता. आज ती गाडीच त्याला बोलावत होती. पिशवी उचलून तो निघाला.

शेठ शटरबाहेर येरझाऱ्या घालत होता. बायको-मुलं केव्हाच माहेरी गेलेली, बंगल्याला कुलूप. शेठचा आवाज नेहमीसारखाच होता, हुकूम सोडणारा, पण कपाळावर घाम होता. मिस्त्रीला पाहून त्यानं भाच्याचा भ सुद्धा काढला नाही. म्हणाला, सेल्फ मारतोय, फिरतं पण उचलत नाही, बघ काय ते.

आता गाडी सुरू होत नसेल तर मिस्त्रीची एक पद्धत होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही, असं तो म्हणायचा. त्यानं बॅटरीपासून सुरुवात केली. दिवे लख्ख, सेल्फ जोरात. पेट्रोलची नळी सोडली, पेट्रोल भरभरून आलं. प्लग काढून पाहिला, ठिणगी निळी, कडक. हवेचा फिल्टर नव्यासारखा. स्कॅनर लावला, त्यावर एकही दोष नाही. इंजिनाला जे जे हवं असतं ते सगळं समोर होतं, आणि इंजिन हूं की चूं करत नव्हतं. मिस्त्रीला हे लागलं. पंचवीस वर्षांत गाडीनं त्याला असं तोंडघशी पाडलं नव्हतं.

एवढ्यात समोरच्या घरातला दिवा लागला. सेल्फच्या आवाजानं कुणीतरी जागं झालं असणार. शेठला कुणी बघायला यायला नको होतं, म्हणून त्यानं आतून शटर खाली ओढलं. मिस्त्री इंजिनावर वाकलेलाच होता. सवयीनं म्हणाला, सेल्फ द्या. शेठनं किल्ली फिरवली.

गाडी एका झटक्यात सुरू झाली. लोण्यासारखी.

शेठ खुशीत उतरला आणि धावत जाऊन शटर वर केलं. शटर पुरतं वर जायच्या आत इंजिन बंद.

पुन्हा सेल्फ. काही नाही. शेठनं शिव्या घातल्या. मिस्त्रीची नजर मात्र शटरवर होती. त्यानं जाऊन शटर खाली केलं. दुसरं काहीही बदललं नाही. सेल्फ द्या म्हणाला. गाडी सुरू झाली. त्यानं शटर हातभर उचललं. इंजिन थरथरलं. आणखी हातभर. बंद पडलं. त्यानं हे तीनदा करून पाहिलं, कारण एकदा घडलेल्यावर तो विश्वास ठेवत नसे. तिन्ही वेळा तेच झालं.

इंजिनाला हवा लागते, पोरांनो. हे इंजिन मोकळ्या हवेत मरत होतं आणि कोंडलेल्या खोलीत जगत होतं. मिस्त्रीला जे जे ठाऊक होतं त्याच्या हे बरोब्बर उलट होतं. शटर आता खाली होतं, इंजिन त्यानं स्वतः बंद केलं होतं, आणि खोलीत पिवळ्या दिव्याखाली ते दोघंच होते.

त्यानं पिशवीतून लांब पेचकस काढला. मेकॅनिक लोक काय करतात, पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. आतला बारीकसा आवाजही कानात येतो, डॉक्टरच्या नळीसारखा. पण हे करायचं ते चालू इंजिनाला. बंद इंजिनात ऐकायचं काय? तरी त्यानं लावला. का लावला, हे त्यालाही सांगता आलं नाही.

आत आवाज होता.

धप... धप धप.

मग काही नाही.

मग पुन्हा. धप. यावेळी हळू.

मिस्त्रीनं पेचकस काढला. खोलीत सामसूम. पुन्हा लावला. धप... धप. लोखंडावर लोखंड आपटल्यासारखं नव्हतं ते. काहीतरी मऊ होतं, पत्र्यावर आपटत होतं.

त्यानं शेठला जवळ बोलावलं. काय ऐकलं ते सांगितलं नाही. फक्त मूठ त्याच्या कानाला लावून म्हणाला, "ऐका."

शेठनं ऐकलं.  मग त्याचा चेहरा उतरत गेला, ओठ हलायला लागले, आणि समोर कोण उभं आहे हे विसरून तो पुटपुटला,

"मला वाटलं, घरी जायचा हट्ट करतोय..."



शेठच्या ध्यानात आलं, आपण काय बोललो ते. पण तोंडातून गेलेलं परत कसं घेणार? मग तो बोलतच सुटला. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं. पोरगा दोन दिवस घरी गेला नव्हता, सारखा आईचं नाव काढत होता. रात्री पळून गेला तर पहाटे गाडी कोण काढणार? म्हणून त्याला गाडीतच झोप म्हणून सांगितलं आणि त्याचा डोळा लागल्यावर शटर ओढून बाहेरून कुलूप घातलं. उकाडा होता, शटर उघडं असताना पोरानं एसी लावला होता, तो तसाच चालू राहिला. रात्री शटर वाजत होतं. वर झोपेत ऐकू येत होतं. शेठनं उशी कानावर घेतली. सकाळी माणसं जमायच्या आत कुलूप काढून फेकून दिलं.

पोरानं स्वतः शटर ओढलं नव्हतं, पोरांनो. विसरला नव्हता. मामानं शिकवलेलं त्याला शेवटपर्यंत आठवत होतं, म्हणून तर तो शटर बडवत होता.

मिस्त्रीच्या डोक्यात काय चाललं असेल ते मला विचारू नका.  त्यानं हत्यारं गोळा केली. एक एक करून, पुसून पिशवीत ठेवली. मग शटर उचलून बाहेर पडला.

शेठ मागून आला. घाबरलेला होता, पण मग्रूर माणूस घाबरला की आणखी हट्टाला पेटतो. ही गाडी आज रात्रीच्या रात्री माझ्या घरातून जायला हवी, म्हणाला. मी आत बसतो. शटर पाडतो, गाडी सुरू करतो, ॲक्सिलरेटर दाबून धरतो. हॉर्न वाजला की तू एका दमात शटर वर फेक. बंद पडायच्या आत मी बाहेर असेन, एकदा या खोलीतून सुटली की चालेल. तुला काय पाहिजे ते माग.

मिस्त्री म्हणाला, "मला काही नको. बसा."

शटर खाली आलं. आत गाडी सुरू झाली. लगेच.

इंजिनाचा आवाज चढला. मिस्त्रीनं दोन्ही हात कडीला लावले.

हॉर्न वाजला.

त्यानं ओढलं...

शटर हललं नाही.

कुलूप नव्हतं. कडी मोकळी होती. पुन्हा हॉर्न. लांब. त्यानं पुन्हा ओढलं. पत्रा भिंतीत चिणल्यासारखा. आतून शेठ ओरडला, "गाडी बंद होत नाहीये..." मग, "किल्ली... इथली किल्ली कुठं गेली..."

मग खोकला.

मग शटरवर हात पडला.

धप.

मिस्त्री म्हणाला, तोच आवाज. अगदी तोच. पेचकसातून ऐकलेला.

धप... धप धप.

धप...

मग त्यानं हाका मारल्या. समोरच्या घरातली माणसं धावत आली. चौघांनी ओढलं. जॅकचा दांडा घालून उचकटलं, दांडा वाकला. आत इंजिन चालूच. हातांचा आवाज थांबला तरी चालूच. आणि मग, कुणी काही न करता, ते थांबलं. मिस्त्रीनं कडीला बोट लावलं. शटर सरसर वर गेलं.

शेठ शटरपाशी पालथा होता.

आता हा कोपऱ्यातला मघापासून चुळबुळतोय. विचार की. ...हां. मिस्त्रीनं खरंच ओढलं का, आणि हाका मारण्याआधी तो किती वेळ नुसता उभा होता? चौघांनी ओढलं तेव्हाही शटर हललं नाही, हे त्या चौघांनी पोलिसांना सांगितलंय. त्याच्या आधीचं मी त्याला विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

पोलिसांनी गाडी तपासली. किल्लीच्या जागी किल्ली नव्हती. शेठच्या खिशात नाही, सीटखाली नाही, खोलीत कुठेच नाही. मिस्त्रीची पिशवी सुद्धा पालथी केली. ती गाडी किल्लीशिवाय चालली कशी आणि थांबली कशी, कुणाला सांगता येईना. जबाब घेऊन त्यांनी मिस्त्रीला सोडलं तेव्हा उजाडायला लागलं होतं.

तो घरी गेला नाही. थेट बहिणीकडे गेला. वाटेत शब्द जुळवत होता, पोरगा विसरला नव्हता, हे कसं सांगायचं. शेठचं तिला काहीच ठाऊक नव्हतं, बातमी अजून त्या गल्लीबाहेर गेली नव्हती.

दार वाजवायच्या आधीच तिनं उघडलं. रात्रभर जागी असावी. इतक्या महिन्यांनी त्याच्याशी पहिल्यांदा बोलली. आवाज अगदी हळू, घरात कुणी झोपलेलं असावं तसा.

"दादा, रात्री दार वाजलं नाही. कडी आतून होती. पण ही कुणी आणून टांगली रे?"

दारामागे खुंटी होती. पोरगा ड्यूटीवरून आला की त्यावर आपला शर्ट टांगायचा. खुंटीवर गाडीची किल्ली होती.

खिडक्या बंद होत्या. पंखा बंद होता. किल्ली हलत होती.