हवालदाराच्या पाठीवर

तशी मी नुसती पाण्याला वर आले होते. बगदादच्या उन्हाळ्यात दुपारी सगळं घर तळघरात निजतं. माठ मात्र अंगणात. शनिवार, आमचा विसाव्याचा दिवस, म्हणून चूल बंद, गल्ली गप्प. आमचे हे, हेस्केल, त्यांच्या मामांकडे गेलेले. आमच्या लग्नाला दुसराच आठवडा. माझ्या तळव्यांची मेंदी अजून लालभडक होती.

दारावर थाप पडली.

"उघडा. पोलीस."

एके काळी आम्ही यहुदी 'पोलीस' या शब्दावर दार उघडत असू. गेल्या वर्षी दंगल पेटली तेव्हा माझ्या नणंदेने, मसूदाने, तेच केलं. तिच्याही हातांवर लग्नाची मेंदी. पोलीस आले म्हणजे वाचलो, असं तिला वाटलं. पोलिसांच्या मागे जमाव होता. आमच्या दारांवर आधीच लाल पंजे रंगवून ठेवले होते, घर चुकायला नको म्हणून. सरकारी कामात एवढा नेटकेपणा मी तरी दुसरीकडे पाहिला नाही.

दार परत लोटताना मसूदाचा रक्ताळलेला हात आतून फळीवर उमटला. तो शेवटचा; ती तिथेच गेली. सासूबाईंनी त्यावर निळा रंग दिला. त्या दिवशी 'पोलीस' म्हणून हाक देणाऱ्या हवालदार जब्बारच्या बाहीवर एक पट्टी वाढली. अजून आमच्याच चौकात असतो. सासूबाईंना सलाम करतो.

"पोरी, तुझा नवरा रस्त्यात पडलाय... रक्त वाहतंय... उघड ना."

आवाज जब्बारचाच. पण खरंच पडले असतील तर? मी कडी काढली.

"सूनबाई..." तळघराच्या पायरीवरून सासूबाई कुजबुजल्या. "नको गं..."

दार हललंच नाही. मी आत ओढत होते, तो बाहेरून ढकलत होता. मधे कुणीतरी भार टाकून उभं होतं. मेंदीचा वास आला... आणि निळ्या रंगातून लाल पंजा वर येऊ लागला. ओला. माझा उजवा हात आपसूक त्यावर टेकला. माठासारखं गार लागलं.

बाहेर जब्बार किंचाळला. मग धावती पावलं.

थोड्या वेळाने हेस्केल आले, धडधाकट. "कडी काढून ठेवलीस? चोरांना आवतण दिलंयस का?"

संध्याकाळी मी सासूबाईंबरोबर चौकातून गेले. जब्बारने सलाम ठोकला आणि वळला. खाकी पाठीवर दोन लाल पंजे. ओले.

"मोठा मसूदाचा," सासूबाई पुटपुटल्या. "दुसरा...?"

मी उजवी मूठ उघडली. तळव्यावर मेंदीचा ठिपकाही नव्हता.