निळ्या झिरमिळ्यांचा कंदील

मुलुंड पूर्वेच्या एका मंगल कार्यालयात दिवाळीचं प्रदर्शन भरलं होतं. तिथला छताचा पंखा भारी वांड. गेल्या वैशाखात त्याने एका नवरदेवाचा फेटा उडवून खालच्या मजल्यावरच्या दुसऱ्याच लग्नात नेऊन टाकला. नवरदेव फेट्यामागे धावला, तो तिथेच बोहल्यावर चढला. खोटं वाटत असेल तर विचारा त्याला, अजून त्याच बायकोबरोबर नांदतोय.

तर तोच पंखा सुरू झाला आणि अपूर्वाने नुकत्याच टांगलेल्या कंदिलाच्या झिरमिळ्या शेजारच्या टेबलावरच्या मेणबत्तीला बिलगल्या. कंदील पेटला. कंदील पेटायचाच असतो म्हणा… पण आतून.

शेजारच्या मुलाने हातातलं कोकम सरबत सगळंच्या सगळं त्याच्यावर ओतलं.

"विझला," तो म्हणाला.

"विझला नाही, मेला," अपूर्वा म्हणाली. "भर दुपारी मेणबत्ती कोण लावतं?"

"वासाची आहे. मोगरा. पेटवल्याशिवाय गिऱ्हाइकाला कळणार कसा?"

"बरं झालं. माझ्या कंदिलाच्या मयताला उदबत्ती नको आता."

तो हसला. गालावर सरबताचा एक लाल थेंब होता. तो पुसायला सांगावं की नाही, हे ठरवण्यात अपूर्वाचा जरा जास्तच वेळ गेला…

त्याचं नाव प्रज्योत. घाटकोपरला आईच्या स्वयंपाकघरात, आईच्या शिव्या खात तो मेणबत्त्या ओतायचा. मोगरा असा अस्सल, की येऊरच्या जंगलातल्या मधमाश्या रांगेत आल्या आणि वास घेऊन, काही न घेता परत गेल्या. गिऱ्हाइकंही तसंच करत होती. अपूर्वाकडे तर त्याहून वाईट. बायका यायच्या, कामट्या दाबून बघायच्या, "दादरला स्वस्त मिळतात" म्हणायच्या आणि पुढच्या टेबलावर पर्सेस बघायला जायच्या.

"तुझं काय चुकतं सांगू?" दुसऱ्या दिवशी प्रज्योत म्हणाला. एव्हाना दोघं 'तू'वर आली होती.

"तुझ्या शेजारी बसते, ते."

"ते सोडून. तू कंदील विकतेस. लोकांना कंदील नको असतो गं, गोष्ट हवी असते. आहे का काही गोष्ट?"

गोष्ट होती. भांडुपला तिच्या घरी आजोबा होते, धोंडू. गिरणीत असताना दिवाळीला कंदील बनवायचे. त्यांचा एक नेम होता. हंगामातला पहिला कंदील विकायचा नाही, ज्या घराला आपलं म्हणायचं त्या घराच्या दारात लावायचा. तरुणपणी असाच एक पहिला कंदील त्यांनी चाळीतल्या एका मुलीच्या दारात लावला होता. चिठ्ठी लिहिली असती तर अख्ख्या चाळीने वाचली असती, कंदिलाचं उत्तर मात्र त्या मुलीने एकटीने दिलं. तिने तो उतरवला नाही. तीच अपूर्वाची आजी.

ऐकताना प्रज्योतची नजर तिच्या हातांवर होती. कागदाला घडी घालणारी तिची बोटं मध्येच थांबली.

"काय बघतोस?"

"परत सांग ना," तो हळूच म्हणाला. "अगदी असंच… हात असेच ठेव." आणि त्याने मोबाइल काढला.

संध्याकाळपर्यंत तो रील मुलुंडभर झाला. दुसऱ्या दिवशी दारात रांग लागली. प्रज्योतने झकास छापील चिठ्ठ्या करून आणल्या, 'हंगामातला पहिला कंदील. ज्याला आपलं म्हणाल, त्याच्या दारी लावा.' आणि प्रत्येक कंदिलाला एकेक बांधली. सोबत मोगऱ्याची एक मेणबत्ती, दोन्हीचा मिळून एक भाव.

"अरे, पहिला एकच असतो," अपूर्वा म्हणाली.

"घेणाऱ्याचा पहिलाच ना? तू फक्त बनव. विकणं माझ्यावर सोड."

आणि त्याने खरंच विकलं. वर्षभर गोदरेजच्या कपाटावर धूळ खात पडलेले कंदीलसुद्धा गेले. चहा एकाच कपातून दोघं पिऊ लागली. कप कमी पडतात, असं दोघांनीही सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं, तरी.

घरी आजोबांनी शेजाऱ्याच्या मोबाइलवर स्वतःची गोष्ट पाहिली.

"माका फेमस केलंस गो," ते म्हणाले. "पण खरो पयलो खंय आसा?"

"आहे माझ्याकडे."

"मगे? खंयच्या दारात लावतलंस?" आजोबांनी चष्मा पुसला. "कणकवलीचा स्थळ येतला दिवाळी झाल्यार. तुझ्या बापाशीक मी काय सांगू?"

"दिवाळीपर्यंत थांबा म्हणावं. तो दारात लागला की मीच सांगेन बाबांना."

खरा पहिला तिने पलंगाखाली ठेवला होता. फक्त त्याच्या झिरमिळ्या बाकी होत्या. प्रज्योत मेणबत्त्या निळ्या कागदात गुंडाळायचा आणि उरलेले तुकडे टेबलाखाली टाकायचा. ते तिने रोज झाडताना गोळा केले होते, त्यांच्याच झिरमिळ्या केल्या.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी सकाळी तिने तो त्याच्या टेबलावरच्या खिळ्याला टांगला.

"याला चिठ्ठी नाही," प्रज्योत म्हणाला.

"नाही. हा तुला. घरी ने… आणि दारात लाव."

तो तिच्याकडे बघत राहिला. पंखासुद्धा, देवाशपथ, क्षणभर थांबला.

"माझ्या दारात? लावला तर उतरवणार नाही हां."

"उतरवूच नकोस," ती म्हणाली आणि उरलेला माल आणायला भांडुपला पळाली, कारण तिथे उभं राहणं तिला शक्यच नव्हतं.

संध्याकाळी ती परत आली, तेव्हा खिळा रिकामा होता.

"आधी पेढा खा," प्रज्योत म्हणाला. "सगळं संपलं, अपू. आणि एक बाई आल्या, त्यांना तोच हवा होता, बिनचिठ्ठीचा. मी नाही म्हटलं, तर दुप्पट देते म्हणाल्या. म्हटलं, बाई, हा माझा आहे. तर तिप्पट."

"तुझा होता ना तो?"

"हो. म्हणून तर तिप्पट आले."

अपूर्वाने पेढा तसाच हातात धरला.

"तोंड का पाडतेस? तू दुसरा करशील ना, तुला काय, अर्ध्या तासाचं काम. सगळे सारखेच तर असतात." मग त्याचा आवाज उतरला. "का… तुला खरंच वाटतं ते, पहिल्याबिहिल्याचं? अगं, मला तू आवडतेस. कंदील असो, नसो. आज हेच सांगायचं होतं."

तो खोटं बोलत नव्हता. हेच तर वाईट होतं.

"मग तो परत आणून दे," ती म्हणाली.

बाई याच रस्त्याला राहतात, एवढंच त्याला ठाऊक होतं. मेणबत्त्यांची निळी पुडकी पिशवीत टाकून तो तिच्याबरोबर निघाला. त्या संध्याकाळी मुलुंडमध्ये इतके पहिले कंदील लागले होते, की घरट्यात गेलेले कावळे सकाळ झाली समजून परत कामाला लागले. खिडकीखिडकीत त्यांच्याच टेबलावरचा माल.

"तो का?"

"नाही."

"मग तो?"

"तोही नाही."

एका इमारतीखाली ती थांबली. दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीत, निळ्या झिरमिळ्या वाऱ्यावर हलत होत्या. तिने फक्त त्याच्याकडे बघितलं. प्रज्योतने मान वर केली आणि चांगलं निरखून पाहिलं.

"हा नाही," तो म्हणाला.

"कशावरून?"

"याच्या झिरमिळ्या निळ्या आहेत. आपला लाल होता ना?"

त्याच्या पिशवीतून तोच निळा कागद डोकावत होता.

"हो," अपूर्वा म्हणाली. "लालच होता."

"मग पुढच्या गल्लीत बघू. चल."

"तू हो पुढे."

तो गेला, जवळजवळ धावतच. जरा वेळाने कोपऱ्यावरून त्याची हाक आली, "अपू, सापडला गं!" पण तोवर तिची रिक्षा भांडुपच्या रस्त्याला लागली होती. आजोबांनी दार उघडलं, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि चहा टाकला. कणकवलीचं स्थळ त्यांनी कुठलंसं कारण सांगून होळीपर्यंत पुढे ढकललं.

घाटकोपरला प्रज्योतच्या दारात त्या गल्लीत सापडलेला लाल कंदील मात्र लागला, आणि दिवाळी सरली तरी उतरला नाही. कोणी विकत मागितलाच तर तो सांगायचा, हा हंगामातला पहिला आहे, विकायचा नाही.