खिडकीजवळची खाट

सरकारी रुग्णालयाच्या खरेदी विभागात मी गाद्या दाबून दाबून म्हातारी होत आले. पूर्वी निविदा भरणारे नमुना आणून ठेवायचे. मी तळहाताने दाबायची आणि हात काढल्यावर खळगा किती लवकर भरतो ते बघायची. आता सगळं ऑनलाइन, नमुन्याऐवजी फोटो. साहेब म्हणाले, "बाई, आता स्क्रीन दाबा." मी हसले, पण राग आलाच.

या वेळी खरेदी खाटांची होती आणि माझाच जीव टांगणीला लागला होता. बाबा खालच्या मजल्यावरच्या वॉर्डात होते, जमिनीवर टाकलेल्या गादीवर. खाट शिल्लक नव्हती.

"तुमच्या खरेदीला मुहूर्त लागेपर्यंत मी धावायला लागेन," ते म्हणायचे.

दुपारी, सुस्त उन्हात, मी एका निविदेतला फोटो उघडला. पांढरी खोली, खिडकीतून येणारा मऊ उजेड, खिडकीजवळ खाट. उशीला खळगा पडलेला. वापरलेली खाट दाखवतात, लाज कशी वाटत नाही, असं पुटपुटत मी पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी त्याच फोटोत चादर बाजूला सारलेली होती. एकदा चढवलेला फोटो कुणालाच बदलता येत नाही, हा तर नव्या पद्धतीचा मोठा गाजावाजा. मी तक्रार करायला हवी होती. पण त्या उजेडाकडे बघतच बसले. फार बरं वाटत होतं.

संध्याकाळी बाबा म्हणाले, "आज खाटेवर काय झोप लागली गं."

"कुठल्या खाटेवर?"

"ती नाही का, खिडकीजवळची."

त्यांच्या वॉर्डाला खिडकीच नव्हती.

सकाळी आल्या आल्या फोटो उघडला. चादरीखाली कुणीतरी खिडकीकडे तोंड करून झोपलं होतं. खाटेखाली चपला होत्या. डाव्या चपलेचा अंगठा निळ्या दोऱ्याने शिवलेला. तो टाका मीच घातला होता.

बाबांना तिथून बाहेर काढायचं, एवढंच सुचलं. मी 'अपात्र' दाबलं.

फोटो गेला. खाली ओळ उमटली : ही निविदा कायमची बंद झाली आहे. पुन्हा उघडता येणार नाही.

मी धावत जिना उतरले.

बाबा गादीवरच होते. डोळे मिटलेले, श्वास संथ.

"सकाळपासून उठवतेय, जागेच होत नाहीत," सिस्टर म्हणाली. "आणि चपला कुठे गेल्या त्यांच्या?"

मी हाक मारली. पुन्हा मारली. सवयीने माझा हात गादीवर गेला.

बाबांच्या अंगाखाली ती जराही दबलेली नव्हती.