कान्होजींच्या नावाची पानं

मी रोज पहाटे आंघोळ करून चौरंगावर वही ठेवते आणि एकशे आठ वेळा श्रीराम लिहिते. बाराव्या वर्षापासूनचं व्रत आहे. तापातसुद्धा मोडलं नाही. ज्या हाताने ते नाव लिहिते, त्याच हाताने हे लिहितेय.

खोटं लिहिणार नाही.

सन १९५६. ग्वाल्हेर, माधवगंज. पितृपंधरवड्यातला रविवार.

रात्र नव्हती. भर दुपारचा दीड वाजला होता…

पण आधी थोडं मागचं सांगते.

संस्थान विलीन होऊन आठ वर्षं झाली होती. आता मध्यभारतही मोडणार, नवं राज्य होणार, राजधानी भोपाळला जाणार. कचेऱ्यांमधून एकच शब्द फिरत होता. छाटणी. आमचे हे हिशेबाच्या कचेरीत कारकून. सगळे त्यांना नाना म्हणायचे. वरून हुकूम आला होता, ऑक्टोबरातली हिशेबाची परीक्षा जो पास होईल तो राहील, बाकीचे घरी. पदरात दोन मुली, आणि सासूबाईंचं औषधपाणी.

शिकवणारं इथे कोणी नव्हतं. मुंबईची एक संस्था टपालाने धडे पाठवायची. आपण उत्तरं लिहून धाडायची, ते लाल शाईने तपासून परत पाठवायचे. पण तिची फी आम्हाला झेपणारी नव्हती.

अशात वैशाखात एक दिवस वनमाला आली. शिंदे की छावनीत राहायची. तिचे यजमान कान्होजी सुर्वे ह्यांच्याच कचेरीत होते. चैत्रात गेले. छाटणीची यादी वाचून दाखवत असताना त्यांनी फायली शिवायचा दाभण उचलला आणि बडेबाबू दिनकररावांच्या खांद्यात तीनदा खुपसला. शिपायांनी ओढून बाहेर काढलं. झटापटीत दगडी पायऱ्यांवर डोकं आपटलं आणि तिथेच…

तिने टपालाने आलेल्या धड्यांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला.

"वहिनी, ह्यांनी वर्षाची फी भरली होती. धडे अजून येतात. नानांना कामाला येतील."

"अहो, पण वनमालाबाई…"

"मला काही नको. फक्त पानावर नाव ह्यांचंच राहू द्या. तेवढंच जिवंत राहील."

हे दारात उभे होते. एकदम पांढरे पडले. मला वाटलं, मित्राच्या आठवणीने.

संस्थेचा नियम होता, प्रत्येक पानाच्या माथ्यावर विद्यार्थ्याचं नाव हवं. संस्थेला मृत्यूचं कळवलं नाही. फक्त पत्ता बदलला.

ह्यांना ते नाव लिहवत नसे. हात अडायचा. म्हणून मी म्हटलं, "आणा इकडे. माझं अक्षर बरं आहे."

रोज जप संपला की त्याच चौरंगावर, त्याच टाकाने, त्याच दौतीतल्या शाईने मी कोऱ्या पानांवर लिहून ठेवायची. कान्होजी सुर्वे. कान्होजी सुर्वे. कान्होजी सुर्वे.

हे हसायचे. "बघ हं, तुझ्या रामाच्या आधी कान्होजीच प्रसन्न व्हायचा."

मीही हसायची.

पाच महिने लिहिलं. आठवड्याला वीस-वीस पानं. नुसतं नाव लिहून काय होतं, असं मी कशी समजले? मी, जी रोज नाव लिहून देवाला बोलवत होते…

पोस्टमन दारातून ओरडायचा, "भाभीजी, कान्होजी साहब की डाक!"

आधी अवघडल्यासारखं वाटायचं. मग सवय झाली.

श्रावणात पहिली गोष्ट घडली. तपासून आलेल्या पानांवर मास्तरांनी इंग्रजीत शेरा मारला होता. ह्यांनी तो वाचला आणि पानं उलटी ठेवली.

"काय लिहिलंय?"

"अक्षर पुन्हा पूर्वीसारखं झालं, म्हणून आनंद वाटला."

"तुमचं अक्षर त्यांनी पूर्वी कुठे पाहिलंय?"

ह्यांनी पानं माझ्याकडे सरकवली.

मी पानं हातात घेतली. उत्तरं ह्यांनीच लिहिलेली, माझ्यासमोर. पण अक्षर उजवीकडे कललेलं, लांब शेपट्यांचं. ह्यांचं नव्हतं.

मग आवाज सुरू झाला. मी स्वयंपाकघरात असले, हे कचेरीत असले, की अभ्यासाच्या खोलीतून…

टच्… टच्… टच्…

जाड कागदाच्या गठ्ठ्यात काहीतरी आरपार जावं तसा. आत जाऊन पाहावं तर कोणी नाही. पानं मात्र कोपऱ्यात भोसकलेली. नीट एकाखाली एक. शिवायला घेतल्यासारखी.

आमच्या घरात दाभण नव्हता.

मी ह्यांना म्हटलं, "बंद करा. नको ती परीक्षा."

"आणि खायचं काय? तुझ्या वहीतला राम वाढणार आहे का ताटात?"

असं कधी बोलायचे नाहीत ते.

आणि तो रविवार आला.

सासूबाई मुलींना घेऊन नया बाजारात भाचीकडे गेल्या होत्या. हे शेवटचा धडा लिहीत होते. मी ताक घुसळत होते.

टाकाची करकर ऐकू येत होती… आणि एकदम थांबली.

रवीही माझ्या हातात थांबली.

टच्.

एकदाच. ओला आवाज.

मग ह्यांची किंकाळी.

मी धावले. ह्यांचा उजवा हात टेबलावर पालथा होता. हाताच्या पाठीतून दाभण खाली घुसला होता, वीस पानांच्या गठ्ठ्यातून थेट लाकडात. रक्त पानांवर पसरत होतं. मी लिहिलेल्या नावांवरून ओघळत होतं.

त्यांनी स्वतःच मारून घेतला म्हणावं, तर डावा हात हवेत ताणलेला होता. मनगटाशी कातडी दबली होती. चार बोटांइतकी.

कोणीतरी धरून ठेवला होता.

मी दोन्ही हातांनी दाभण उपसला. हाड घासल्याचं मला कळलं. अजून कळतं.

तो सुटला आणि हे खुर्चीसकट मागे ओढले गेले. केसांना धरून ओढावं तसे. उंबरठ्याच्या दगडावर डोकं आपटलं. उचललं गेलं. पुन्हा आपटलं. मी त्यांच्या अंगावर पडले, माझ्या वजनासकट त्यांना उचललं आणि पुन्हा आपटलं. दात तुटून माझ्या पदरावर पडला.

मी ओरडत होते, "श्रीराम, श्रीराम, श्रीराम…"

काही थांबलं नाही.

चौथ्यांदा आपटायला डोकं वर गेलं आणि माझ्या तोंडून निघालं, "कान्होजी! सोडा हो त्यांना!"

थांबलं.

तत्क्षणी. मी ज्याला बोलावलं होतं, त्याने माझी हाक ऐकली.

घर गप्प झालं. ताकाचं भांडं उपडं झालं होतं, ते थेंब थेंब गळत होतं. ह्यांच्या तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. माझा हात घट्ट धरून ते पुटपुटले,

"मी फक्त हात धरला होता गं."

"कोणाचा?"

"कान्होजीचा. उजवा. शिपाई त्याला पायऱ्यांवर आपटत होते… मी हात धरून ठेवला. दाभण होता ना त्यात. सोडला असता तर तो वाचला असता."

तो दाभण नंतर सापडला नाही. मी स्वतः फरशीवर टाकला होता.

पानं मी सागरताल तलावात सोडली. तीन आठवड्यांनी हे पट्टी बांधलेल्या हाताने परीक्षेला बसले. मी नको म्हटलं नाही. दोन मुली होत्या.

पास झाले. नोकरी राहिली.

रुजू होण्याचा अर्ज त्यांनी दिनकररावांपुढे ठेवला. बडेबाबूंनी दोन ओळी वाचल्या आणि त्यांचा हात आपोआप खांद्याकडे गेला. म्हणाले, "नाना, हा कागद कोणाकडून तरी दुसऱ्या अक्षरात लिहून आणा."

पुढची तीस वर्षं ह्यांनी घरात टाकाला हात लावला नाही. कचेरीत लिहायचे. उजवीकडे कललेलं, लांब शेपट्यांचं.

निकालानंतर वनमाला पेढे घ्यायला आली होती. ह्यांच्या हाताला लागल्याचं मी सांगितलं, तेव्हा तिने विचारलं, "कुठला हात?"

"उजवा."

"बरं," म्हणाली. पेढा तोंडात टाकला, सावकाश खाल्ला आणि निघून गेली. तिला काय ठाऊक होतं, मी कधी विचारलं नाही. धीर झाला नाही.

आता हे नाहीत. वनमालाही नाही. माझं व्रत चालू आहे.

आज पहाटेही लिहिलं. लिहून झाल्यावर मोजायची सवय आहे, म्हणून मोजलं.

श्रीराम एकशे सात होते…

एकशे आठवं नाव माझ्याच अक्षरात आहे. शाई अजून वाळलेली नाही.